मधुकररावांची तापणारी गाडी

विघ्नहर्त्या गजाननाला आणि रामटेकच्या गडावरील रघुनाथाला वंदन करून लिहावयास बसतो. प्रसंग असा की, आमच्या वसाहतीच्या गणेश मंडळाने यंदा स्मरणिका काढण्याचे योजिले असून तीत एखाद्या शेजाऱ्याविषयी लिहिण्याची आज्ञा मला झाली आहे. मी श्री. मधुकरराव गिरडे यांची निवड केली व त्यांची अनुज्ञाही घेतली. "लिहा ना जी. पण गाडीची बदनामी नोका करू," एवढीच अट त्यांनी घातली. ती पाळणे कठीण आहे.

मधुकरराव नित्य प्रातःकाळी स्नान उरकून, पांढराशुभ्र सदरा लेवून, रस्त्यावर उताणे निजतात. मस्तक गाडीखाली, पाय बाहेर. एकदा नव्याने लागलेला दूधवाला हे पाय पाहून सायकल टाकून धावला. तेव्हा गाडीखालून शांत स्वर आला, "मरून नाही राहिलो बे. पाहून राहिलो."

पाहावयाचे असते ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड राखणारे हिरवे पाणी. त्यांची ती उंच, धिप्पाड, वृद्ध एसयूव्ही रात्रभर ते थेंबाथेंबाने गाळीत असते. ज्योतिषी जसा कुंडलीतील ग्रह पाहतो, तसे मधुकरराव ते थेंब पाहतात. थेंब रेडिएटरखाली असला तर "सर्दी", पाइपाखाली असला तर "संधिवात". मग उठतात, पाठ झटकतात आणि निदान सांगतात. उपचार मात्र ते स्वतःच करतात. मेकॅनिकचे नाव काढले की म्हणतात, "काहून जी? म्हाताऱ्या माणसाले खोकला झाला म्हणून कोणी फुप्फुस बदलते का?"

या उपचारांपैकी हळदीचा प्रयोग वसाहतीत अद्याप विसरला गेलेला नाही. रेडिएटरमध्ये हळद घातली असता बारीक छिद्रे बुजतात, असे त्यांना एका ट्रकचालकाने सांगितले होते. मधुकररावांनी स्वयंपाकघरातील डबा रेडिएटरमध्ये रिता केला आणि गाडी सावलीसाठी समोरच्या काळेबाईंच्या फाटकापाशी उभी केली. छिद्रे बुजली नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी तेथून हलल्यावर काळेबाईंना आपल्या दारात पिवळ्या पाण्याचे ओघळ दिसले आणि त्यांत चिरडलेले एक लिंबू. कोणी करणी केली, असा त्यांचा निश्चय झाला व शांतीसाठी मला, वसाहतीच्या पुरोहिताला, बोलावणे आले. दर्भ, पळी-पंचपात्री घेऊन मी संकल्प सोडणार, इतक्यात मधुकरराव गर्दीतून पुढे आले आणि काळेबाईंना म्हणाले, "हे कोणाची करणी नाही वं माय. हळद माझ्या गाडीची हाय, अन् लिंबू शास्त्रीजींचं."

लिंबू खरोखरच मी मंत्रून दिलेले होते, दसऱ्याच्या वाहनपूजेत गाडीला बांधावयास. मी पंचपात्री झाकली. त्यानंतर कित्येक दिवस काळेबाई मला नमस्कार करीत, परंतु दुरून.

कुसुमवहिनींना, म्हणजे मधुकररावांच्या सौभाग्यवतींना, या गाडीचा मनस्वी कंटाळा. त्यांचे मत असे की, नवऱ्याने आयुष्यात एवढी काळजी कोणाची घेतली असेल तर ती या डबड्याची. गाडी विका, अन्यथा तिच्यावर एकदाचा खर्च तरी करा, असा त्यांचा लकडा असे. मधुकरराव तिसराच मार्ग काढीत. ते मागल्या बाजूस पाण्याचे मोठमोठे कॅन भरून ठेवीत आणि म्हणत, "पाणी हाय तोपर्यंत चालते."

या गाडीतून रामटेकला दर्शनास जाण्याचा योग मला वारंवार आला. जाण्यायेण्यात माझ्या ध्यानात एक चमत्कार आला, तो आता सांगतो. वैशाखातल्या उन्हात नागपुरात वर्धा रोडच्या सिग्नलवर ताटकळत उभी राहूनही ही गाडी तापत नसे. कन्हानचा पूल ती गुणगुणत ओलांडी. परंतु मनसर मागे टाकून रामटेकच्या रस्त्याला लागले की, माघातल्या गारठ्यातही ती नेमकी एका घरासमोर तापे. दारात कडुनिंब असलेले ते बैठे घर दिगंबररावांचे, मधुकररावांच्या धाकट्या बंधूंचे.

या दोघा भावांत बोलणे नव्हते. वडिलांच्या माघारी शेताची वाटणी झाली, विहीर सामाईक राहिली आणि धानाला पाणी देण्याच्या पाळीवरून एका सकाळी बांधावर जे शब्द गेले ते परत आले नाहीत. मधुकरराव आपला वाटा बटाईने दुसऱ्याला कसावयास देऊन नागपुरास राहिले, दिगंबरराव गावीच राहिले. लग्नकार्यांतही ते एकमेकांना पाठ देऊन जेवत. एकमेकांच्या दारी जाण्याचा मार्ग उरला नव्हता. परंतु आपल्याकडे एक रीत आहे. वैरीही पाणी मागावयास आला तर त्याला नाही म्हणत नाहीत.

गाडी थांबे. मधुकरराव बॉनेट उघडून वाफेकडे पाहात उभे राहत. घरातून दिगंबरराव विहिरीच्या पाण्याची बादली घेऊन येत, ती कुंपणापाशी ठेवीत आणि कडुनिंबाकडे पाहात उभे राहत. मग संभाषणाला आरंभ होई आणि ते सर्व माझ्याद्वारे.

"शास्त्रीजी, गाडीवाल्याले सांगा, गरम झाकण उघडू नोको. हात भाजन."

"शास्त्रीजी, त्यायले सांगा, मले समजते."

"मागच्या बारीले भाजलाच होता म्हणा."

"म्हणा, त्याची चिंता नोको करू."

दोघांमध्ये अंतर दोन हातांचे. मी दोन्ही बाजूंचे शब्द इमानाने पोहोचवीत असे. पुराणांतील शिष्टाई यापेक्षा सोपी असावी, कारण तेथे निदान दोन्ही पक्षांना एकमेकांचे ऐकू तरी येत नसे. या मार्गाने मधुकररावांना कळे की यंदा धान बरे आहे, दिगंबररावांचे गुडघे दुखतात, सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे. इंजिन थंड झाले की मधुकरराव निघत, आणि पुढे गडापर्यंत स्तोत्राऐवजी काही गुणगुणत.

एकदा मी विनयाने विचारले, गाडीत एवढे कॅन भरलेले असता त्या दारी पाणी का मागता? त्यांनी पुढल्या काचेतून दृष्टी न हलवता सांगितले, "कॅनचं पाणी जड असते जी. इंजिनले सोसत नाही. या विहिरीचं हलकं हाय."



आणि मग गेल्या मार्गशीर्षात अनर्थ ओढवला. मधुकरराव एका लग्नासाठी बसने अमरावतीस गेले असता कुसुमवहिनींनी संधी साधली. गाडी गॅरेजमध्ये धाडली. नवा रेडिएटर, नवे पाइप, नवे कूलंट. परत आलेल्या पतीला त्यांनी मोठ्या हौसेने गाडीखालची कोरडी जमीन दाखविली. मधुकरराव सवयीप्रमाणे उताणे निजले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले ते घरात चोरी झालेल्या माणसासारखे.

"आता रामटेकले एका दमात जाता येईन तुमाले," वहिनी म्हणाल्या.

"हो ना," ते म्हणाले. "तेच पाहून राहिलो."

त्यानंतर त्यांनी रामटेकचे नाव काढले नाही. मी स्मरण दिले तर थंडी फार आहे, म्हणत. वहिनींना वाटे, नवऱ्याचा छंद गेला म्हणून तो रुसला. अखेर माघ सरता सरता मीच हट्ट धरला आणि आम्ही निघालो.

गाडी आयुष्यात प्रथमच निरोगी माणसासारखी धावत होती. कन्हान गेले, मनसर गेले. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर होता आणि मधुकरराव रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच अधिक पाहात होते. वेग उतरत गेला. एक बैलगाडी आम्हांस ओलांडून पुढे गेली. कडुनिंब दिसू लागला. ते घर आले, आणि मागेही पडले. मधुकररावांनी ब्रेक दाबला, गाडी उलट घेतली, दारासमोर लावली आणि खाली उतरून बॉनेट उघडले.

वाफ नव्हती. थेंब नव्हता. मधुकरराव इंजिनाकडे पाहात उभे होते आणि आपले हात कोठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते.

दिगंबरराव बादली घेऊन आले. या खेपेस ते कुंपणापाशी थांबले नाहीत. गाडीजवळ आले, वाकून कोरडी जमीन पाहिली, कूलंटची काठोकाठ भरलेली बाटली पाहिली, नवे कोरे पाइप पाहिले. मी शिष्टाईस सिद्ध झालो. परंतु त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बादली खाली ठेवली आणि थेट भावाकडे पाहून म्हणाले,

"लय तापली गा दादा. थंड व्हाले संध्याकाळ होईन. चाल, जेवून घे."

मधुकररावांनी बॉनेट हळूच खाली आणले. "मले वाटलंच," ते म्हणाले.

दोघे घरात गेले. मागून जाताना मी बॉनेटला हात लावून पाहिला, हिवाळ्यातल्या उन्हाइतकेच ते ऊन होते. त्या दिवशी आमचे दर्शन चुकले. गडावरच्या रघुनाथाला भावांचे मोल ठाऊक असल्यामुळे त्याने राग मानला नसावा. ओसरीवर आमची पाने मांडली होती. दिगंबरराव भावाला आग्रहाने भात वाढीत होते आणि भाऊ नको म्हणत पान पुढे सरकवीत होता. मला कोणी काही सांगावयास सांगत नव्हते, म्हणून मी स्वस्थ जेवलो.

वाचकहो, आपणांस आपल्या माणसाच्या दारी जावयास निमित्त शोधावे न लागो, आणि शोधावे लागलेच तर ते दारातला माणूस जाणून घेवो. आपल्या घरी अन्न, आरोग्य आणि गोड बोलणे सदैव नांदो. श्रीराम आपले व आपल्या लेकराबाळांचे कल्याण करो. शुभं भवतु.