नागपूर, फक्त दीड तास

दोन विमानतळांमधलं अंतर हे जगातलं सर्वांत विश्वासार्ह अंतर होय, कारण त्यात माणूस धरलेला नसतो.

ओझर, म्हणजे आमचा नाशिकचा विमानतळ, ते नागपूर मी मोबाइलवर पाहिलं. सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, वेळ दीड तास. भाचीचं, भाग्यश्रीचं, लग्न नागपूरला गोरज मुहूर्तावर होतं आणि तिला हात धरून बोहल्यापर्यंत नेण्याचं काम थोरला मामा या नात्याने माझ्याकडे होतं. (या पदाला वय पुरतं. पात्रता तपासत नाहीत.)

धाकटा भाऊ गोरक्ष आदल्या दिवशीच रेल्वेने निघाला. "दादा, चल बरोबर. गप्पा मारत जाऊ."

"ज्याला वेळेची किंमत नाही त्याने रेल्वेने जावं," मी म्हणालो. हे वाक्य मी सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं. काहींना दोनदा.

घर ते विमानतळ हे अंतर मात्र पाहिलं नाही. नाशिककराला ओझर 'इथंच' असतं, यावर शहरात शंभर टक्के एकमत आहे. (पाहणी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली.)

सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, निघालास?"

"एवढ्यात कशाला? दीड तास तर लागतो."

आता, लग्नघरी रिकाम्या हाताने गेलेला नाशिककर अद्याप कोणी पाहिलेला नाही. त्यातून हंगाम द्राक्षांचा. विमानतळाचा फाटा आला तेव्हा हाताशी वेळ होता आणि द्राक्षांचं पिंपळगाव पुढे 'इथंच' होतं.

"आधी विमानतळ," शुभांगी, म्हणजे आमची पत्नी, म्हणाली.

मी तिला समजावलं की विमानतळ मागे टाकला आहे, म्हणजे तो गाठल्यातच जमा. ती खिडकीबाहेर बघू लागली. (आमच्या घरी ठराव असेच मंजूर होतात.)

पिंपळगावात ओळखीच्या केरूने पेटी भरायला घेतली. "च्या घेतल्याबिगर जायचं नाय, भाऊ. इमान काय पळून जातंय व्हय?"

तज्ज्ञाचं मत म्हणून मी ते स्वीकारलं. परतीच्या वाटेवर कांद्याचे टेम्पो रांगेत उभे होते. कांद्याला मुहूर्त नसतो.

विमानतळावर काउंटर बंद झालं होतं. काचेतून विमान दिसत होतं.

"उभंच आहे की," मी म्हणालो.

"हो सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "ते वेळेत आलंय."

नागपूरचं दुसरं विमान त्या दिवशी नव्हतं. आमचं विमान नागपूरला उतरलं तेव्हा आम्ही परत नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला होतो. दीड तास हा आकडा अचूक निघाला, हे नमूद करणं भाग आहे.

"ताईंना तुम्हीच सांगा," शुभांगी म्हणाली. सांगितलं. बहीण रागावली नाही, तेच अवघड गेलं. "भाग्यश्री सकाळपासून विचारतेय, मोठा मामा कुठंय म्हणून. तिला काय सांगू?"

"द्राक्षं फार गोड निघाली," मी म्हणालो.

संध्याकाळी फोटो आला. भाग्यश्रीचा हात गोरक्षच्या हातात. ज्याला वेळेची किंमत नाही तो वेळेवर पोचला होता.

आजही कोणी विचारलं तर मी नागपूर दीड तासच सांगतो.

वाचकहो, खुशाल हसा. फक्त हसताना एकदा दाराकडे बघा. "दोनच मिनिटं, एवढं वाचून उठतो," असं तुम्ही ज्यांना सांगितलंत, ते चपला घालून अजून तिथंच उभे आहेत का?