लाल ठिपके, पांढरे ठिपके

"पक्कड कुठाय?" असं तेपाएरूने स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा ओरडून विचारलं, तेव्हा तिचा नवरा पोकिनो मागच्या पडवीत बसून त्याच पक्कडीने काहीतरी उपटत होता.

"माझ्याकडे आहे. झालंच. देतो."

"करतोयस काय तिचं?"

"पडदे काढतोय."

तेपाएरू हात पुसत लगबगीने बाहेर आली. तिने आधी खिडक्यांकडे पाहिलं. खिडक्यांचे पडदे जागच्या जागी होते. मग तिची नजर पोकिनोच्या मांडीवरच्या बेस गिटारीवर गेली. दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे गिटारीचे पडदे, त्याच्या पायाशी मासळीच्या काट्यांसारखे पडले होते.

"अरे, वाजती गिटार होती ना ती?"

"वाजती कसली! हे बघ." पोकिनोने बोटं पुढे केली. बोटांच्या टोकांवर ओरखडेच ओरखडे. बेटावरच्या त्यांच्या तितिकावेका गावात समुद्र घरांच्या इतका जवळ, की खारी हवा कशालाच सोडत नाही. स्कूटर, कुलपं, तेपाएरूचे केकचे डबे, सगळ्याला गंज. गिटारीचे पडदे त्यातून कसे सुटणार? नवे पडदे ऑकलंडहून जहाजाने यायचे होते आणि जहाज स्वतःच दुरुस्तीला गेलं होतं. पोकिनो बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. जो भाग त्रास देतो तो काढून बघावा आणि इंजिन तरीही चाललं तर तो भाग मुळात नकोच होता असं समजावं, ही त्याची कामाची पद्धत होती.

"बिनपडद्याची बेस गिटार असते," तो म्हणाला. "मोठमोठे वादक तीच वाजवतात. सूर कसा लोण्यासारखा घसरतो."

"घसरतो ना? तेच म्हणते मी," तेपाएरू म्हणाली आणि पक्कड घेऊन आत गेली.

पोकिनोने पडद्यांच्या खाचांत बोटींची भोकं बुजवायची लांबी भरली, पॉलिशपेपरने घासघास घासलं, वर बोटींचंच व्हार्निश चढवलं. काम इतकं सफाईदार झालं की पडदे कुठे होते हे आता खुद्द गिटार बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. पूर्वी दांडीवर प्लॅस्टिकचे गोल ठिपके होते, जागा ओळखण्यासाठी. ते उपटून त्या जागी त्याने मानिहिकी बेटावरच्या काळ्या शिंपल्याच्या चकत्या बसवल्या. गिटार अशी देखणी दिसायला लागली की शेजारी कुंपणावरून बघून जायचे.

मग तालीम झाली.

बँड तेपाएरूच्या धाकट्या भावाचा, सोलोमोनाचा. दर गुरुवारी संध्याकाळी किनाऱ्यावरच्या हॉटेलात त्यांचं वाजवणं आणि नाच असायचा. तालीम सोलोमोनाच्या गॅरेजमध्ये. पहिलं गाणं सुरू झालं आणि युकुलेली वाजवणारे एकेक करून थांबले. शेवटी एकटा पोकिनो राहिला.

"दाजी," सोलोमोना म्हणाला, "गिटार वाजवताय की डुकरं हाकताय?"

"नवी आहे. जरा सवय व्हायला हवी."

"सवय कोणाला? आम्हाला?" सोलोमोनाने कोपऱ्यातलं कापड बाजूला केलं. खाली कीबोर्ड होता. "हा आणलाय बघा ऑकलंडहून. इथे डावीकडे हे बटण आहे. दाबलं की बेस आपोआप वाजतो. जेवायला मागत नाही, उशिरा येत नाही आणि याला पडदेच नाहीत, त्यामुळे उपटायचीही भीती नाही."

"मेहुण्या, बटणाला काय कळतं रे नाचणाऱ्याचा पाय कधी उचलणार ते?"

"खरंय. म्हणून गुरुवारपर्यंत थांबतो. गुरुवारी सुरात वाजलं तर तुम्ही. नाहीतर बटण."

पोकिनो तरुणपणापासून त्या बँडमध्ये होता. लग्न जमलं तेही तिथेच. तेपाएरू पुढच्या रांगेत नाचत होती आणि त्याची नजर तिच्यावरून हटत नव्हती, तरी ठेका चुकला नव्हता. आता एका बटणासाठी जागा सोडायची, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

घरी येऊन त्याने डोकं चालवलं आणि चूक सापडली. पडद्यांच्या गिटारीवर ठिपके दोन पडद्यांच्या मधोमध असतात. बोट मध्ये दाबायचं, पण सूर निघतो तो पुढच्या पडद्यापासून. आता पडदाच नाही म्हटल्यावर बोट पडद्याच्याच जागी हवं. त्याने मात्र शिंपल्याच्या चकत्या जुन्या ठिपक्यांच्या जागी बसवल्या होत्या. म्हणजे घराचा नंबर दारावर न लावता दोन घरांमधल्या कुंपणावर लावल्यासारखं झालं होतं.

"मग लाव की पुढे सरकवून," तेपाएरू म्हणाली.

"पुढे म्हणजे कुठे? जागा बुजवून टाकल्या ना मी."

"सफाई नडली म्हणायची."

त्या चकत्या तशाही संध्याकाळच्या उजेडात दिसत नव्हत्या. काळ्या दांडीत काळा शिंपला. त्याने त्या काढून भोकं बुजवली. आता नव्या खुणा कसल्या करायच्या? आधी तेपाएरूच्या जुन्या झग्याची पांढरी बटणं चिकटवून पाहिली. ती लांबूनही दिसायची, पण तारा त्यांच्यावर आपटायच्या आणि प्रत्येक सुरामागून टक् असा आवाज यायचा. मग चिकटपट्टीचे तुकडे लावले. घामाने ते सरकायला लागले आणि पोकिनो खुणेच्या मागे मागे कुठल्या कुठे गेला. शेवटी तेपाएरूने कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली.

"ही सरकणार नाही, टोचणार नाही आणि दिसेलही. बस समोर. तू बोट सरकव, मी सूर गाते. जुळला की थांब म्हणेन."

पोकिनोला हायसं वाटलं. इंजिनांच्या धडधडीत त्याच्या कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. सोलोमोनाकडे मदत मागायला मन घेत नव्हतं. आणि तेपाएरू तर चर्चमध्ये बायकांच्या बाजूची मुख्य गायिका.

"तेपाएरू, सूर बरोबर लागला की सांग हं."

"ते तू मला शिकवू नकोस."

ती गायली, तो सरकला. "वर. अजून. अरे, इतकं नको. हां, थांब!" की एक लाल ठिपका. खालपासून वरपर्यंत दांडी सजली. मग दोघांनी मिळून एक भजन म्हटलं, ती गळ्याने, तो गिटारीने. इतकं सुरेख लागलं की शेजारची कुत्री भुंकायची थांबली.

गुरुवारी पोकिनो कानामागे फूल खोचून हॉटेलात गेला. पहिलं गाणं खालच्या सुरांतलं होतं. छान गेलं. सोलोमोनाने मान डोलावली. दुसरं गाणं वर चढायला लागलं आणि चढता चढता बँड एका वाटेने निघाला, पोकिनो दुसऱ्या. त्याची बोटं नेमकी लाल ठिपक्यांवर होती. जितकं वर जावं तितकं ते जास्त कडू लागत होतं. नाचणाऱ्या पोरींच्या कमरा गोंधळल्या. पाहुण्यांना मात्र ही बेटावरची जुनी पद्धत असावी असं वाटलं. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या आडून सोलोमोनाने हळूच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सोलोमोना बंदरावर आला तो मोबाइल घेऊन. सूर खाली आहे की वर, ते त्या मोबाइलवर दिसायचं. एकेका लाल ठिपक्यावर बोट ठेवायला लावून त्याने तपासणी केली. खालचे ठिपके अगदी बरोबर. मधले जरासे उतरलेले. वरचे तर चांगलेच उतरलेले.

"हे कोणी केलं, दाजी?"

"तुझ्या ताईने. गाऊन."

सोलोमोनाने आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहून घेतलं.

"म्हणजे ताई..." सोलोमोना कुजबुजला, "वर गेली की उतरते?"

"असं दिसतंय."

"तिला सांगणार कोण?"

"तू भाऊ आहेस."

"तुम्ही नवरा आहात. शिवाय पाद्रीबुवांचं आठवतंय ना?"

आठवत होतं. एका पाहुण्या पाद्रीबुवांनी बायकांचा सूर जरासा उतरतोय का, एवढंच नम्रपणे विचारलं होतं. पुढच्या खेपेला ते जेवायला आले, तेव्हा साऱ्या गावाच्या पानात नारळाच्या दुधातली मासळी आणि त्यांच्या पानात नुसत्या उकडलेल्या अळकुड्या.

"हे लाल पुसून टाकू आणि बरोबर जागी करू," सोलोमोना म्हणाला.

"पुसले तर तिला कळेल."

मग पोकिनोला ते सुचलं. दांडीच्या दर्शनी बाजूला तेपाएरूचे लाल ठिपके राहू द्यायचे. दांडीच्या वरच्या कडेला, जी फक्त वाजवणाऱ्यालाच दिसते, तिथे बोटींच्या पांढऱ्या रंगाने काडीच्या टोकाएवढे खरे ठिपके काढायचे. कोणी विचारलंच तर बोट रंगवताना शिंतोडे उडाले म्हणायचं. सोलोमोनाने मोबाइल धरला, पोकिनोने काडी. काम संपलं तेव्हा दोघंही एखादी बोट पळवल्यासारखे इकडेतिकडे बघत होते.

घरी तेपाएरूने विचारलं, "काल काय झालं होतं रे? मी तर नीट खुणा करून दिल्या होत्या."

"खुणा उत्तम आहेत. माझी बोटंच जाडी." कडेच्या पांढऱ्याकडे तिने बोट केलं, तेव्हा त्याने शिंतोड्यांचं सांगून टाकलं.

"हं," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती स्वतः ऐकायला आली. झाडाखाली, डोक्यावर फुलांचा मुकुट घालून बसली. पोकिनो कडेवरचे पांढरे ठिपके चोरून बघायचा आणि मधूनच मान पुढे काढून लाल ठिपक्यांकडे कौतुकाने पाहिल्यासारखं करायचा. बँड असा वाजला की सोलोमोनाने कीबोर्डवर परत कापड घातलं.

"चांगलं झालं," घरी जाताना स्कूटरच्या मागून तेपाएरू म्हणाली. "खुणांचा उपयोग झाला ना?"

"खूप," पोकिनो म्हणाला. त्याला इतकं अपराधी वाटलं की खड्डा दिसला नाही.

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गायकांची तालीम होती. तेपाएरू म्हणाली, "गिटार घे. पाद्रीबुवांना विचारलंय. आज तू आमच्याबरोबर वाजव."

पोकिनो एका कडेला बसला. एव्हाना त्याला पांढऱ्या ठिपक्यांची चांगली सवय झाली होती. शिवाय देवाच्या घरी खोटं वाजवायला नको, असंही त्याला वाटलं. भजन सुरू झालं. बायका वर चढल्या, तोही चढला, आणि हॉलमध्ये असा काही आवाज भरला की पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

तेपाएरूने गाणं न थांबवता, दोन ओळींच्या मधल्या श्वासात त्याला सुनावलं, "पोकिनो, लाल! लाल बघ! पांढरे तुझ्या मेहुण्याचे!"

त्याचं बोट आपोआप लाल ठिपक्यावर घसरलं. सूर जाऊन बायकांच्या सुरात असा मिसळला, की पुरुषांच्या बाकांवरून कोणीतरी "वाहवा!" म्हणालं.

तालीम संपल्यावर तो खाली मान घालून उभा राहिला. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. बोट रंगवताना शिंतोडे एका रांगेत उडतात होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं माझी इतकी काळजी घेत होतात. म्हटलं, चालू दे."

"पण मग तू खुणा उतरलेल्या का केल्यास?"

"उतरलेल्या कशा? मला वाटलं, तुला आमच्याबरोबर वाजवायचंय. तू नुसतं 'सूर बरोबर लागला की सांग' म्हणालास. कोणाच्या सुराबरोबर, ते कुठे सांगितलंस? आम्ही बायका वरचे सूर मुद्दाम खाली घेतो." तिने आवाज बारीक केला आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला नजर टाकली. "कुरा आजींचा आवाज आता वर पोचत नाही. त्यांना एकटं पाडून कसं चालेल?"

गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गायिका कुरा आजी काठी टेकत टेकत त्यांच्याकडेच येत होत्या. त्यांनी गिटारीवरचे लाल ठिपके डोळे बारीक करून पाहिले आणि पोकिनोच्या गालावर हात फिरवला.

"येत जा रे बाबा तू. तुझा सूर कसा भक्कम." मग तेपाएरूकडे पाठ करून त्या त्याच्या कानाशी लागल्या. कुरा आजींना कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांची कुजबुज साऱ्या हॉलला ऐकू गेली. "या बायका वर गेल्या की उतरतात. कितीतरी वर्षं झाली. पण त्यांचं मन कशाला मोडायचं? मीच आपली त्यांच्याबरोबर खाली येते."