सूचनांचा रकाना

"तू अजिबात काळजी करू नकोस," शनिवारी सकाळी ठमीचा बाबा दाढी करता करता म्हणाला. "मावशींना मी असं पटवतो की त्याच म्हणतील, ठमीला सोडून मी कुठं जाऊ?"

"आपण त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही," ठमीची आई म्हणाली. तिला अर्धा दिवस ऑफिस होतं, पाळणाघरातल्या पालकांच्या मेळाव्याला ती तिथूनच परस्पर येणार होती.

"पाहायला कशाला पाहिजे? आठ महिन्यांचा पत्रव्यवहार आहे आमचा."

ठमीचा बाबा एका कंपनीत लोकांशी कसं बोलावं याचे वर्ग घ्यायचा. दोन दिवसांचा वर्ग. पहिल्या दिवशी बोलणे, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ऐकणे. जेवण नेहमीच लांबायचं, त्यामुळे ऐकण्याचा धडा आजवर एकदाही झाला नव्हता. पण त्यावाचून त्याचं काही अडलं होतं असं नाही. निदान त्याला तसं वाटायचं.

प्रश्न साधा होता. ठमी तीन वर्षांची झाली होती आणि सोमवारपासून पाळणाघरातल्या 'छत्री' गटातून वरच्या मजल्यावरच्या 'जहाज' गटात जाणार होती. छत्रीत जे कुणी तिला सांभाळायचं, त्यांच्याशिवाय ठमी दुपारी डोळा मिटायची नाही. मागे त्यांनी आठवडाभर रजा घेतली तेव्हा ठमी दुपारभर जागी राहिली आणि संध्याकाळी तिनं घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी ठमीची आई भिंतीला टेकून रडली, चौथ्या दिवशी बाबा रडला. मुलांबरोबर वर जायचं की खाली नव्या मुलांपाशी थांबायचं, हा निर्णय त्या सांभाळणाऱ्यांचाच होता, आणि तो आजच्या मेळाव्यात कळणार होता.

आता, इतक्या महत्त्वाच्या व्यक्तीला आईबापांनी पाहिलं कसं नाही? तर पाळणाघराची पद्धत तशी होती. बाहेरच्या दाराला एक अर्धं दार होतं. त्यावरून मूल आत द्यायचं, संध्याकाळी त्यावरून बाहेर घ्यायचं. देणारीघेणारी एकच, एप्रन घातलेली दारावरची मावशी. आईबाप आत आले की घुटमळतात आणि मुलं भोकाड पसरतात, म्हणून आत प्रवेश नाही. बाकी सगळं वहीतून. ठमीच्या पिशवीतून रोज वही घरी यायची: "केळं अर्धं. झोप दीड तास. रडली नाही." खाली सही म्हणून छत्रीचं चित्र. त्याच्याखाली सूचनांचा रकाना. बाबा वरच्या तीन ओळी वाचायचा आणि शेजारच्या पानावर "आदरणीय मावशी" अशी सुरुवात करून झकास उत्तर लिहायचा. सूचना म्हणजे नखं कापा, टोपी पाठवा, असलं काहीतरी असणार, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

एकाच पोराला वाढवणारी दोन्हीकडची माणसं रस्त्यात भेटली तर एकमेकांना ओळखायची नाहीत, हे पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या ताईंना बरेच दिवस खटकत होतं. म्हणून हा मेळावा.

"वहीतली सूचना वाचलीस ना?" ठमीच्या आईनं चप्पल घालता घालता विचारलं.

"वाचली," बाबा म्हणाला. त्यानं वाचली नव्हती. त्यात लिहिलं होतं: "शनिवारी अदलाबदल. पालकांनी आपापल्या गटाचे एप्रन घालून तासभर मुलांचे सगळे करावे. कर्मचारी घरच्या कपड्यांत पाहुणे म्हणून बसतील. वेळेवर यावे, एप्रन मोजकेच आहेत."

मावशींसाठी भेट घेता घेता बाबाला वीस मिनिटं उशीर झाला. भेट म्हणजे मरून रंगाची, दोन कप्प्यांची बायकांची पर्स. दुकानदारानं विचारलं होतं, "वय काय त्यांचं?" बाबा म्हणाला होता, "मायाळू आहेत."

अर्धं दार सताड उघडं होतं. ठमी बापाचं बोट सोडून वाळूच्या हौदाकडे पळाली. आत बाबाला पहिली दिसली ती दारावरची मावशी. खुर्चीत बसून, पाय समोरच्या स्टुलावर टाकून ती चहा पीत होती. तिच्या पुढ्यात दोन एप्रनवाले घामाघूम होऊन सांडलेलं दूध पुसत होते.

"त्या कडेनं पण पुसा हं," मावशी त्यांना म्हणाली.

बाबा चक्रावला. इथली शिस्त एवढी ढासळली असेल अशी त्याला कल्पना नव्हती.

"छत्री गटाचं कोण असतं हो?" त्यानं विचारलं.

"ते काय, त्या कोपऱ्यात," मावशीनं कपानंच दिशा दाखवली आणि पुन्हा चहात लक्ष घातलं.

कोपऱ्यात दोन माणसं होती. एक दाढीवाला धिप्पाड गृहस्थ मुलांच्या बुटक्या खुर्चीत कसाबसा मावून बिस्किट खात होता. आणि एक साठीच्या बाई, अंगात छत्रीचं चित्र असलेला एप्रन, एका पोराचं नाक पुसत होत्या. यात ओळखायला अवघड असं काही नव्हतं. बाबा थेट बाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"मी ठमीचा बाबा. मला कळलंय सगळं. तुम्ही पोरांना सोडून जाताय."

बाई दचकल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथं सगळ्यांना माहीत आहे."

"अगं बाई. घरातली गोष्ट अशी बाहेर सांगायची का?" बाईंनी आवाज खाली आणला. "हो, जाणार आहे. सोमवारी."

"जाऊ नका. हात जोडतो. तुमच्याशिवाय पोरं झोपत नाहीत."

"ते तर खरंच आहे. थोपटल्याशिवाय झोपतच नाही मेला. पण मी राहावं असं कुणाला वाटतंय का? एकदा तरी कुणी म्हणालं?"

"मी म्हणतोय ना."

"तुम्ही म्हणून काय उपयोग? अहो, बॅगसुद्धा भरली मी."

"बॅग रिकामी करा," बाबा म्हणाला आणि वर्गात दुसऱ्या तासाला काढायचा तो आवाज त्यानं काढला. "लोक बोलून दाखवत नाहीत, मावशी. पण तुम्ही गेलात तर संध्याकाळी घराघरांतून काय गोंधळ होईल, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आठ महिने तुम्ही आमचं घर चालवलंत. ही छोटीशी भेट."

बाईंनी पर्स घेतली. उघडून दोन्ही कप्पे पाहिले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "परक्या माणसाला कळतं, आणि पोटच्या पोराला कळत नाही," त्या म्हणाल्या. "ठरलं. जात नाही मी."

पोटच्या पोराचा इथं काय संबंध, हे बाबाला समजलं नाही. पण "जात नाही" एवढं स्पष्ट ऐकू आलं होतं, आणि त्याला तेवढंच ऐकायचं होतं. बाई डोळे पुसत कुणाला तरी शोधायला गेल्या. बाबा दाढीवाल्याशेजारच्या बुटक्या खुर्चीत ऐसपैस बसला, म्हणजे जेवढं बसता येईल तेवढं.

"पाहिलंत?" तो म्हणाला. "तीन मिनिटांत काम."

"पाहिलं," दाढीवाला म्हणाला. "पण तुम्ही नक्की काय केलंत?"

"छत्रीच्या मावशींना वर यायला राजी केलं. तुमचंही पोर छत्रीतच ना?"

"छत्रीतच आहेत."

एकाहून जास्त पोरं दिसतात, बाबाच्या मनात आलं, बिचारा. त्याला आणखीच आपुलकी वाटली. "मग तुमचंही काम झालं म्हणा. यामागे तंत्र असतं, बरं का. वहीत मी रोज दोन गोड ओळी लिहितो. 'तुमच्या हातात जादू आहे', 'तुम्ही म्हणजे आमचा आधार'. रोज. चुकवायचं नाही. माणूस हळूहळू विरघळतो."

"आणि ते खरं नसतं?"

"खरंखोटं कोण बघतं? आम्ही वर्गात शिकवतो ते. त्यांना काय, पोरं झोपवली की झालं. दीड तास आराम."

"असं," दाढीवाला म्हणाला. हातातलं बिस्किट त्यानं बशीत ठेवून दिलं.

तेवढ्यात एक उंच माणूस तरातरा आला. त्याच्याही अंगात छत्रीचा एप्रन, वर दुधाचा मोठा डाग. मागे त्या बाई, काखेत पर्स.

"माझ्या आईला तुम्ही काय सांगितलंत?" उंच माणसानं विचारलं.

बाबा उठायला गेला, तर खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. "तुमची आई? म्हणजे छत्रीच्या मावशी तुमच्या आई?"

"कोण मावशी? ती माझ्या मुलाची आजी आहे. सोमवारी ती आपल्या घरी जाणार होती. बॅग भरून झाली होती. आता म्हणतेय, घर माझ्यावाचून चालत नाही असं ठमीच्या बाबांनी सांगितलंय. आणि ही पर्स कसली?"

"तुला नाही सुचलं कधी द्यायचं," आजी मागून म्हणाल्या.

बाबाचं डोकं गरगरायला लागलं. ही जर आजी, तर हिच्या अंगात एप्रन का? हा जर बाप, तर याच्या अंगात एप्रन का? आणि मावशी चहा पीत का बसलीय? त्यानं खुर्ची सोडवत चौफेर नजर फिरवली. जितके एप्रनवाले होते तितके सगळे गोंधळलेले होते, आणि जे निवांत होते त्यांपैकी एकाच्याही अंगात एप्रन नव्हता. याचा अर्थ काय हे त्याच्या मनाला हळूहळू समजू लागलं होतं. पण मान दाढीवाल्याकडे वळायला तयार होईना.

मोठ्या ताईंनी टाळी वाजवली. "अदलाबदलीचा तास संपला. आता पालकांनी एप्रन काढावेत, आणि मी एकेका गटाच्या सांभाळणाऱ्यांची ओळख करून देते. छत्री गट."

दाढीवाला उठून उभा राहिला.

हौदातून ठमी वाळूच्या पायांनी धावत आली, बापाच्या दोन्ही पायांमधून आरपार गेली आणि दाढीवाल्याच्या खांद्यावर चढून तिनं मान टाकली. दुपारचा दीड वाजला होता. दाढीवाल्यानं तिच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. तिसऱ्यांदा फिरवेपर्यंत ठमी झोपली.

ठमीची आई दारातून हे पाहत आत आली. "हे काय? तू एप्रन का नाही घातलास? सूचना वाचली होतीस ना?"

बाबा निजलेल्या पोरीकडे पाहत राहिला. आपल्या तोंडानं आपण आपल्या मुलीची झोप घालवली, हे त्याला पुरतं कळलं होतं, आणि अशा वेळी काय बोलावं हे तो कधीच कुणाला शिकवत नव्हता.

"मला तुम्ही आठ महिने मावशी म्हणताय," दाढीवाला ठमी जागी होऊ नये इतक्या हळू म्हणाला. "मी दोनदा लिहिलं, मी मावशी नाही म्हणून. सूचनांच्या रकान्यात."

"चुकलो," बाबा म्हणाला.

"माझ्या रजेच्या आठवड्यात तुम्ही एक लिहिलं होतंत. 'आज ठमी रडतही नाहीये, नुसती दाराकडे बघत बसते. तिला काय सांगू?' तेही तंत्रातलंच?"

बाबानं मान हलवली. "नाही. ते खरं होतं. त्या दिवशी मला काही सुचतच नव्हतं."

दाढीवाल्यानं ठमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग तो ताईंकडे वळला. "मी जहाजात जातो. पोरांबरोबर." आणि बाबाला म्हणाला, "तुमच्यासाठी नाही. आणि एक करा, गोड लिहू नका. वाचत चला फक्त."

ठमीच्या आईनं वाटेत सगळी हकीकत तीनदा वदवून घेतली आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी कपाळाला हात लावला. आजी काही गेल्या नाहीत. सोमवारी सकाळी अर्ध्या दाराशी त्या नातवाला घेऊन, काखेत मरून पर्स मारून उभ्या होत्या. त्यांचा उंच मुलगा बाबाकडे बघून हसला नाही, पण मान मात्र त्यानं हलवली. दारावरच्या मावशीनं पुन्हा एप्रन घातला होता, आणि बाबानं तिला पहिल्यांदाच "चहा झाला का?" असं विचारलं.

संध्याकाळी ठमी हसतमुख घरी आली. बाबानं वही उघडली. "केळं पूर्ण. झोप दीड तास. रडली नाही." खाली छत्रीऐवजी जहाजाचं चित्र. पेन हातात घेऊन त्यानं सवयीनं "आदरणीय" एवढं लिहिलं, थांबला, ते खोडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नजर खाली सूचनांच्या रकान्याकडे नेली.

तिथं लिहिलं होतं: "पुढच्या शनिवारी पालकांसाठी ऐकण्याचा वर्ग ठेवला आहे. तो तुम्ही घ्याल असे तुमच्या पत्नींनी कळवले आहे. धन्यवाद."