कापशाच्या मानेवरचा मळ

बाळांनो, मांडी घालून बसा. पोट आडवं येत असेल तर पाय पसरून बसा. मीही तसाच बसलोय.

एका जंगलात, जिथे झाडं कमी पण नेटवर्क उत्तम होतं, कापशा नावाचा एक तरुण ससा राहत होता. तो दिवसभर बिळात बसून काम करायचा आणि गाजरहलवा बिळाच्या तोंडाशी मागवायचा. अंगाने मात्र सडपातळ. रविवारी टेकडीपर्यंत पळून तो फोटोही टाकायचा, म्हणून सगळे त्याला ठणठणीत समजत.

फक्त त्याची पांढरी मान काळवंडली होती. आई म्हणाली, मळ आहे. तिने डाळीचं पीठ लावून घासलं, मग नारळाच्या शेंडीने घासलं. मान सोलवटली, पण काळेपणा जाईना. त्यात मुलगी बघायला जायचं ठरलेलं. शेवटी आई त्याला डॉक्टर सुतारपक्ष्याकडे घेऊन गेली. हिरव्यागार झाडालाही ठोकून बघायची या डॉक्टरांना खोड होती.

"काकू, हा मळ नाही," रक्त घेत डॉक्टर म्हणाले. "याचं शरीर इन्सुलिनला दाद देत नसावं, त्याचीच ही खूण. म्हणून ते जास्त जास्त इन्सुलिन बनवून साखर कशीबशी आवरतंय. दमलं की साखर वाढेल. आत्ता रोज हातपाय हलवले आणि गोड आवरलं, तर बहुतेक मागे फिरता येईल."

साखरेचा रिपोर्ट आधी आला. नॉर्मल. चांगली बातमी आली की पेढे वाटायचे, ही त्या जंगलाची रीत. आईने जंगलभर पेढे वाटले, मुलीच्या घरीही पाठवले.

संध्याकाळी इन्सुलिनचा रिपोर्ट आला. डॉक्टरांची शंका खरी निघाली.

"आई, मला भीती वाटतेय," कापशा म्हणाला.

भीती आईलाही वाटली. पण ती म्हणाली, "वाटलेले पेढे आता परत कसे मागायचे रे? हा एक उरलाय, खाऊन टाक."

कापशाने खाल्ला. पेढा चांगलाच होता. मीही खाल्ला असता, आणि दुसरा आहे का ते विचारलं असतं.

लग्न मफलर गुंडाळून पार पडलं. काही वर्षांनी साखर चढली. कापशाला उडी मारताना धाप लागू लागली. कालपर्यंत धडधाकट होता, एकाएकी कसं झालं, असं जंगल हळहळलं. मग सर्वांना आठवलं की डॉक्टरांनी त्याला ठोकून पाहिलं होतं. चांगल्या सशाला आजार लावला म्हणून त्यांना हाकलून देण्यात आलं.

कापशा धापा टाकत त्यांच्या झाडापाशी पोहोचला, तेव्हा ढोलीत कोणी नव्हतं. तो तिथेच बसून रडला.

तात्पर्य : आजार लवकर शोधू नये. लवकर सापडला, तर लवकर काहीतरी करावं लागतं. मी माझी तपासणी दिवाळीनंतर ठेवली आहे. कोणत्या दिवाळीनंतर, हे लहान मुलांनी विचारू नये.