भांडं मोकळं द्यायचं नाही

श्यामलाताई गायधनींनी डबा उघडला आणि त्यांच्या तोंडून "अगं आई गं!" एवढंच निघालं. डबा त्यांचाच होता, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. आत मात्र सुकट होती. चांगली निवडलेली, खमंग भाजलेली सुकट! आणि ती कुठे, तर गायधनींच्या ओट्यावर, जिथे लसूणसुद्धा दबकत दबकत यायचा.

"अहो! आधी इकडे या. हे काय आहे?"

गंगाधरराव दारातच थबकले. "मला काय ठाऊक? डबा दिला तसा आणला."

"दिला तसा म्हणजे? डबे रिकामे येतात ना आपले?"

गंगाधरराव छताकडे बघायला लागले. बँकेत एवढी वर्षं काढलेला माणूस, पण घरी खोटं बोलायची वेळ आली की छताकडेच बघायचा. मग सगळं बाहेर पडलं. डबे रिकामे येत नव्हते. पहिल्या दिवसापासून येत नव्हते. रोज त्यात काहीतरी असायचं आणि गंगाधरराव ते जिन्यातच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभं राहून संपवायचे. डॉक्टरांनी मीठ-तिखट बंद केलेल्या माणसाला जिन्याशिवाय आसरा कुठला? आज सुकट निघाली, म्हणून डबा तसाच घरात आला.

आता हे डबे मुळात कुठे जायचे, ते सांगायला हवं. इंदिरानगरात सुखनिवास सोसायटीला लागूनच एक मोठी इमारत उठत होती. तिच्या कामावर सुरगाण्याकडची माणसं आली होती. भाताची, नागलीची म्हणजे नाचणीची कापणी उरकली की यायचं आणि शिमग्याला गावी परतायचं, अशी त्यांची रीत. राहायला पत्र्याच्या शेड. बायाही दिवसभर घमेली उचलायच्या, संध्याकाळी त्यांना चूल पेटवायचं त्राण नसायचं, आणि पोरं बिस्किटाचा पुडा फोडून झोपायची. हे श्यामलाताईंनी गॅलरीतून पाहिलं. शाळेत आयुष्य गेलेलं, त्यांना कुठलं बघवतंय! "पाळीपाळीने रोज काही घरं, प्रत्येक घरातून एक डबा. ताजं, गरम, त्यांच्या तोंडाला रुचेल असं," त्यांनी सोसायटीच्या बैठकीत सांगितलं.

"त्यापेक्षा बिस्किटांचे खोके देऊन मोकळं होऊ," सेक्रेटरी सावळीराम खैरनार म्हणाले.

"पोरांना जेवण हवंय, खैरनार. खाऊ नकोय."

मग काय द्यायचं यावर चर्चा झाली. एकाच्या घरी कांदा नाही, दुसऱ्याच्या घरी लसूण नाही, तिसऱ्याला तेल सोसत नाही, चौथ्याला मिरचीचा त्रास. सगळ्यांची पथ्यं वजा करता करता शेवटी मऊ भात, गोडं वरण आणि दुधीची भाजी एवढंच उरलं. तेच पहिल्या दिवशी गेलं. शेडमधल्या तानुबाईने भात चाखला आणि डबे आणणाऱ्या गंगाधररावांना काळजीने विचारलं, "बाबा, घरात कोन आजारी हाय का?"

"नाही बुवा. का?"

"नाय, जेवान पथ्याचं वाटलं."

बिचाऱ्यांच्या घरात मिरचीसुद्धा नाही, असा तिचा समज झाला आणि परतीच्या डब्यात तिने मूठभर ठेचा घातला. तिथून जे सुरू झालं, ते आज सुकटीपर्यंत आलं होतं.

सुकटीचं काय करायचं? श्यामलाताईंनी डबा लांब धरून समोरचं दार वाजवलं. खैरनारांच्या बायकोने, सविताने झाकण उघडलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की बोलायची सोय नाही. "काकू, उद्याचे सगळे डबे मी भरते. तुम्ही दमला असाल."

दोन दिवसांत ही बातमी सगळ्या सोसायटीत झाली. जिथे डब्याची पाळी म्हटलं की लोक लग्नाला गावी जायचे, तिथे पाळीवरून भांडणं सुरू झाली. कारण डबा परत येताना कधी नागलीचे पापड आणायचा, कधी रानातल्या वाळवलेल्या भाजीची चटणी, कधी भाजलेले उडीद. "एकच डबा का? आम्ही दोन पाठवतो," असं लोक म्हणायला लागले. सविता तर चटणीची छोटी डबीसुद्धा वेगळी पाठवायची. डबी वेगळी म्हणजे परत येणारं भांडं वेगळं, एवढं साधं गणित होतं. स्वयंपाकही सुधारला. बाजरीच्या भाकरी, झणझणीत पिठलं, तव्यावरचं गरम वांगं. शेडमधली पोरं बोटं चाटत जेवायची आणि श्यामलाताईंचा जीव सुखावायचा.

हे सुख एका संध्याकाळी संपलं. त्या स्वतः डबे घेऊन शेडवर गेल्या, तर तानुबाई नागलीचं पोतं झटकत होती. शिमग्यापर्यंत पुरेल म्हणून गावाहून आणलेलं पोतं, आणि तळाशी जेमतेम दोन-चार पायल्या उरलेल्या.

"एवढ्यात संपलं?"

"डबं लय येत्यात ना, ताई," तानुबाई हसून म्हणाली. "मोकळं कसं धाडायचं?"

श्यामलाताईंनी वाकून पोत्यात पाहिलं. म्हणजे आपण यांना जेवायला घालत नाही आहोत, यांचं पोतं खातो आहोत! पुढे चूल कशावर पेटेल यांची? "काही घालू नका हो डब्यात. शपथ आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या. तानुबाईने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी डबे भरूनच आले.

खैरनारांना हे कळलं तेव्हा त्यांनी तातडीची बैठक बोलावली. "मला सांगा, जे रोज आपल्याला डबे भरून पाठवतात, ते गरजू कसे? डबे बंद करा. उद्यापासून बिस्किटं." हे बोलताना त्यांच्या मिशीला नागलीच्या पापडाचा तुकडा चिकटलेला होता, पण ते सोडा.

"रविवारपर्यंत मुदत द्या," श्यामलाताई म्हणाल्या. "डबे रिकामे आले, तर चालू ठेवायचे. कबूल?"

"कबूल."

श्यामलाताईंनी युक्ती काढली. डबेच पाठवायचे नाहीत! जेवण पत्रावळीवर बांधून द्यायचं. पत्रावळ कोण परत करणार? त्या दिवशी गंगाधरराव पुडकी देऊन हात हलवत परतले. वाटेत ते धान्याच्या दुकानात शिरले, कारण पापड बंद झाल्याचं दुःख त्यांनाच सर्वांत जास्त होतं. नागलीची एक मोठी थैली घेऊन त्यांनी ती फडताळात जुन्या चादरींमागे दडवली. तानुबाईकडून गुपचूप पापड करून घ्यायचे, असा बेत होता.

पण तासाभरात दार वाजलं. तानुबाई उभी होती. हातात जर्मनचं पातेलं, डोळ्यांत पाणी.

"ताई, आमचं काय चुकलं?"

"अहो, काहीच नाही!"

"मंग भांडं का नाय धाडलं? पानावर तर भिकाऱ्याला वाढत्यात. भांडं आलं-गेलं म्हंजे येनंजानं. आमी तुमच्याकडं येनंजानं समजून खात व्हतो."

श्यामलाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिला आत बसवलं, पोत्याचं, खैरनारांचं, गंगाधररावांच्या जिन्याचं, सगळं सांगितलं. आवाज ऐकून खैरनार आणि सविताही दारात आले. तानुबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि पातेलं पुढे केलं. "उडदाची आमटी हाय. काढून घ्या. आन् भांडं मला मोकळं द्या. तुमच्या हातानं मोकळं दिलं, की मी बी उद्यापून मोकळं दीन. इळ्याच्या धारेवरची शपत."

"ठरलं!" खैरनार म्हणाले.

एवढं सोपं! श्यामलाताईंनी आमटी काढली, पातेलं घासलं, पुसलं आणि दाराशी आणलं. तानुबाईने हात पुढे केला. श्यामलाताईंनीही केला. पातेलं मात्र सुटेना.

"थांबा हं, थोडं ओलं राहिलंय," असं म्हणून त्या आत गेल्या. पुन्हा आल्या. पुन्हा हात पुढे, पुन्हा तेच.

"अगं, दे की!" गंगाधरराव म्हणाले.

"द्या ना काकू. डब्यांचा प्रश्न आहे," सविता म्हणाली.

"दोन मिनिटं! तळाला काजळी दिसतेय. जुन्या चादरीने पुसते." त्या तिसऱ्यांदा आत गेल्या. पातेलं आरशासारखं झालं होतं. पोरांच्या तोंडचं गरम जेवण या एका मोकळ्या भांड्यावर अवलंबून होतं, हे त्यांना पुरतं कळत होतं. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. मोलकरणीचं नाही, भांडलेल्या जावेचंसुद्धा नाही. झाकणावर नाव कोरलेल्या सासूबाई वरून बघत असणार, ते वेगळंच.

मग आतून फडताळ उघडल्याचा आवाज आला आणि गंगाधररावांचा चेहरा पडला. पाठोपाठ दाणे सांडल्यासारखा सळसळाट झाला. श्यामलाताई आल्या त्या दोन्ही हातांनी पातेलं सांभाळत. पातेलं नागलीने शिगोशीग भरलं होतं आणि उरलेली थैली त्यांच्या काखेत होती.

"नाही जमलं बाई मला," त्या म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "हरले मी. हे न्या. रोज तुमचं एक पातेलं येऊ दे इकडे, मी असंच भरून देईन. मग तुम्ही डब्यात काय घालायचं ते घाला. पोतं तेवढं राखून ठेवा."

"हे बरं झालं," तानुबाई डोळे पुसत म्हणाली. "आता उद्या डबं धाडा. पानं नगं."

"पण नियमाचं काय?" खैरनार पुटपुटले. "डबे रिकामे यायला हवे होते."

"तुम्ही जरा गप्प बसा हो," सविता म्हणाली, "आणि मिशी पुसा."

गंगाधरराव जिन्यापर्यंत तानुबाईच्या मागे गेले. काखेतून काखेत गेलेल्या आपल्या थैलीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "तानुबाई, त्यातले चार पापड… आपलं, जमलं तर…"

"काळजी करू नगा, बाबा," तानुबाई म्हणाली. "चटणीच्या डबीत घालीन. ती घेऊन जिन्यात थांबा."