निनावीपणाची संपूर्ण खात्री

विद्यापीठात लैंगिक गैरवर्तनाची तक्रार करायला कुणी पुढे येत नाही, ही गोष्ट विद्यापीठाच्या मनाला फार लागली. शेजारच्या विद्यापीठाला तक्रारींच्या उत्तम व्यवस्थेबद्दल पुरस्कार मिळाला, त्यानंतर तर फारच. ताबडतोब निनावी तक्रार कक्ष उभा राहिला. तो सर्वांना सापडावा म्हणून उपाहारगृहाच्या तोंडाशी बांधला. बंद खोलीत मुलींना असुरक्षित वाटतं, असं एका तज्ज्ञाचं मत पडलं, म्हणून भिंती काचेच्या केल्या. आत कुणी गेलं की वर लाल दिवा लागे.

रसायनशास्त्रात संशोधन करणारी एक मुलगी त्या दिव्याकडे बरेच दिवस लांबूनच बघत होती. तिचे मार्गदर्शक प्रबंधावर चर्चा करायला प्रयोगशाळेची कडी लावून घेत आणि चर्चा रंगली की त्यांचे हात प्रबंधावर नसत. तिला त्यांना सुळावर चढवायचं नव्हतं. दुसरा मार्गदर्शक मिळावा आणि प्रबंध पुरा व्हावा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"मग जा की," तिची ताई म्हणाली. "निनावी आहे ना?"

"अगं, काचेचं आहे ते!"

"माझं हेल्मेट घालून जा."

ती हेल्मेट घालून गेली. दारातल्या रखवालदाराने हात आडवा केला.

"हेल्मेट काढा. ओळखपत्र दाखवा."

"पण काका, तक्रार निनावी आहे."

"तेच म्हणतोय. तुम्ही कोण ते कळल्याशिवाय तुम्हाला निनावी कसं करायचं?"

मुद्दा बिनतोड होता. तिने हेल्मेट काढलं. आतल्या यंत्रातून तक्रारदाराचा आवाज बदलून समितीपर्यंत जाई. तिने सगळं सांगितलं. काचेपलीकडे, ओळख कळू नये म्हणून पाठ करून बसलेल्या समितीच्या अध्यक्षबाईंना एक घोगरा, भारदस्त पुरुषी आवाज ऐकू आला.

"हे बघा दादा," बाई सहानुभूतीने म्हणाल्या, "पुरुषांची समिती अजून नेमायची आहे."

"मॅडम, मी मुलगी आहे!"

"असं होय? मग यंत्र बंद करा आणि स्वतःच्या आवाजात सांगा. जरा मोठ्याने हं, काचेमुळे ऐकू येत नाही."

उपाहारगृहातले चमचे थांबले.

समितीने मात्र हयगय केली नाही. दुसऱ्याच दिवशी बाईंनी तिला बोलावलं आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"तुझी ओळख फुटणार नाही, हा आमचा शब्द आहे. आता अडचण बघ. सरांच्या हाताखाली मुलगी तू एकटीच. त्यांना नोटीस दिली, तर तक्रार कुणाची ते त्यांना लगेच कळेल. म्हणून तुझ्या भल्यासाठी आम्ही सरांचं नाव गुप्त ठेवलंय."

"म्हणजे सरांना काहीच विचारणार नाही?"

"अगं, तुझ्याचसाठी! शिवाय विद्यापीठाच्या सगळ्या नोंदींमधून तुझं नाव काढून टाकलंय. आता कुणी कितीही शोधलं तरी सापडायची नाहीस."

"आणि माझा प्रबंध?"

"तूच सांग बाळा, निनावी व्यक्तीला पदवी कोणत्या नावाने द्यायची?"

दुसऱ्या मार्गदर्शकाचा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला. तिला आता पहिल्याचीही गरज उरली नव्हती. वर्षअखेरीच्या अहवालात 'प्राप्त तक्रार एक, ओळख फुटल्याची घटना शून्य' अशी नोंद झाली आणि पुरस्कार आला.

ती सामान बांधत होती तेव्हा विभागातल्या जुन्या मैत्रिणी खोलीवर आल्या.

"तू उगाच गेलीस गं," एकजण हळहळली. "सरांचं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

"सगळ्यांना? मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"वा! आमचं नाव आलं असतं ना!"

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं. ते कोणते सर, हे तुम्हाला आत्ता, या ओळीवर, नावासकट आठवलंही. घाबरू नका. ते तेव्हा तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं, हे आम्ही कुणाला सांगणार नाही.