गोलपोस्टामागचे कासमभाई

"डावा पोस्ट सोडू नको! पुढं ये, पुढं ये... अरे, मागं हो! आणि दाताचं काय झालं? दाखवलंस काय डॉक्टरला?"

हे सगळं एका दमात, एकाच माणसाला, आणि तेही समोरून कॉर्नर येत असताना. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, उन्हानं माझंच डोकं फिरलंय. बॉल हवेत, आठ-दहा माणसं एकमेकांच्या अंगावर, गोलकीपर बिचारा उडी मारायच्या तयारीत, आणि जाळीमागं पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला एक म्हातारा त्याच्या दाताची चौकशी करतोय. बॉल अर्थातच आत गेला.

"खलास," म्हातारा म्हणाला. मग जशी काही आमची वर्षानुवर्षांची ओळख असावी तसा माझ्याकडे वळला. "मी काय चूक सांगितलं? जाऊ दे, बोलायला आपलं काय जातंय, वहिनी!"

हे कासमभाई.

आता मी तिथं काय करत होते, तेही सांगायला हवं. रियाधला आमचं बिऱ्हाड आहे. नवरा ओलाया भागातल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं बघतो. आठवडाभर खुर्चीत बसून पोट सुटलंय, पण कुणीतरी म्हणालं, 'खाडीकाठ इलेव्हन'ला एक माणूस कमी पडतोय, आणि आमचे साहेब पंचेचाळिशी उलटल्यावर फुलबॅक झाले. खाडीकाठ इलेव्हन म्हणजे रत्नागिरी-रायगडकडच्या मुलांची टीम. मुळात सगळे क्रिकेटवाले. पण शुक्रवारचं मैदान मिळालं ते फुटबॉलचं, म्हणून हे फुटबॉल खेळतात. समोर मल्याळी टीम, नेपाळी टीम, सुदानी टीम, सगळ्या एकापेक्षा एक. आमचे लोक बॉल आला की अजून हात पुढं करतात.

आणि मी कोल्हापूरची! आमच्या पेठेत फुटबॉलवरून भाऊ-भाऊ एकमेकांशी अबोला धरतात. ऑफसाइड मला शाळेत जायच्या आधी कळत होता. अशा बाईनं दर शुक्रवारी हा प्रकार बघायचा म्हणजे शिक्षाच की हो. आमची टीम जिंकल्याचं मला आठवत नाही. एकदा बरोबरी झाली होती, कारण समोरच्यांची एक गाडी हायवेवर बंद पडली आणि ते निम्मेच आले होते. त्या दिवशी आमच्या लोकांनी पेढे वाटले. मी घेतला नाही.

मैदान शहराबाहेर, हायवेला लागून. वाळूवर अंथरलेली हिरवी चटई, कडेला एक जुना कंटेनर. त्याच्यात जाळ्या, चुन्याची पोती असलं काहीबाही ठेवतात. सावली काय ती त्या कंटेनरची, आणि ती पडते एका गोलच्या मागं. म्हणून मी तिथं माझी घडीची खुर्ची टाकते, आणि म्हणून कासमभाई माझ्या वाट्याला आले.

कासमभाई कतीफला मासळीच्या कोल्डस्टोरेजमध्ये कामाला. गाव दाभोळ खाडीवरचं. कतीफहून रियाधला यायचं म्हणजे अख्खं वाळवंट ओलांडायचं. पण भल्या पहाटे रियाधच्या मासळी बाजारात येणारी गाडी असते, तिच्यात ड्रायव्हरशेजारी बसून हा माणूस दर शुक्रवारी यायचा. अंगाला मासळीचा वास, खांद्याला पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा हामूर. "वहिनी, ताजा हाय. कालवण करा, तळू नका." आठवड्यातली एकुलती एक सुट्टी, आणि ती अशी घालवायची. का, तर त्या गोलकीपरचं डोकं खायला!

मला आधी त्या गोलकीपरची दयाच आली. इरफान त्याचं नाव, पंचविशीचा, उंच, सडपातळ. त्या अकरा जणांत फुटबॉल कशाशी खातात हे माहीत असलेला तो एकटाच. पाठीमागं नुसती अखंड बडबड. "हात खाली ठेव. केस काप रे, डोळ्यांवर येतात. तो सात नंबर उजव्या पायानं मारतो, ध्यानात ठेव. मामीचा फोन उचलत जा, ती काळजी करते. बॉल! बॉल! जेवलास काय?" आणि पोरगं वळून बघेल तर शपथ. खांबासारखं उभं. हाफटाइमला टीमनं बाजू बदलली की कासमभाईही उठायचे, गुडघ्यावर हात ठेवत अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागं जायचे. तिकडं सावली नाही. तिकडंही एक खुर्ची तयार असायची.

"ग्राऊंडवाला देवमाणूस हाय," ते म्हणायचे. "न सांगता दोन्हीकडं खुर्ची मांडतो. असं आजकाल कोण करतं?"

एकदा मी चिडलेच. म्हटलं, "कासमभाई, त्या पोराला जरा श्वास घेऊ द्या. तुमचं ऐकून ऐकून एखाद्या दिवशी दुसऱ्या टीममध्ये जाईल तो."

ते हसले. "कुठं जाणार, वहिनी? बाकीचे दहा पळतात. गोलकीपरला एका जागी उभं राहायला लागतं. त्याला ऐकावंच लागतं." मग जाळीतून समोर बघत म्हणाले, "मुलगा हाय माझा."

मी माझी खुर्ची जरा त्यांच्याकडं सरकवली.

मग हळूहळू, एकेका शुक्रवारी, ते कळत गेलं. इरफान गावाला आईजवळ वाढला, आई गेल्यावर मामीजवळ. बाप दोन वर्षांतून एकदा यायचा, खजूर आणि बूट घेऊन. एका वर्षी त्या बुटांत फुटबॉलचे बूट होते. "ती माझीच चूक," कासमभाई म्हणाले. पोरगं त्या बुटांत जे शिरलं ते बाहेर आलंच नाही. शेवटी गोव्याच्या एका क्लबानं त्याला निवडलं. आणि त्याच महिन्यात कासमभाईंनी चार लोकांच्या हातापाया पडून त्याच्यासाठी रियाधमधल्या नोकरीचा व्हिसा मिळवला.

"मी फोनवर म्हटलं, फुटबॉलनं काय पोट भरतं? एवढंच बोललो, वहिनी. तो वाद घालेल असं वाटलं होतं. घालायला पाहिजे होता ना? नाय घातला. 'ठीक हाय' म्हणाला, बॅग भरली नि आला. ते त्याचं शेवटचं बोलणं. सलामाला उत्तर देतो. तो काय चुकवत नाय, आईनं तेवढं वळण लावलंय. पण त्याच्यापुढं एक अक्षर नाय. फोन उचलत नाय. खोलीवर गेलो तर पाणी देतो आणि बाहेर जाऊन बसतो."

ज्या माणसानं फुटबॉलनं पोट भरत नाही म्हटलं, त्याला आता पेनल्टीला गोलकीपरनं वजन कुठल्या पायावर ठेवावं हे तोंडपाठ होतं. रात्री मोबाइलवर बघून शिकायचे म्हणे. मला हसू येईना. मला त्या पोराचा राग आला, खोटं कशाला बोलू. बापाला बोलायला त्या जाळीएवढीच जागा ठेवली होती त्यानं.

मग एका शुक्रवारी कासमभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. मासळीचा वास नाही, अत्तराचा. मी म्हटलं, "काय हो, लग्नाला निघालात की काय?"

"कायमची एक्झिट लागली, वहिनी. साठी उलटली, गुडघे गेले. मालक, म्हणजे कफील म्हणतो, राहायचा इकामा रिन्यू नाय करणार. खलास. रविवारी दम्मामहून विमान."

"इरफानला सांगितलंत?"

"नाय. आणि तुम्हीपण सांगू नका. सांगितलं की तो बोलेल, पण बाप चाललाय म्हणून बोलेल. मला तसं नको." त्यांनी खुर्ची जाळीच्या आणखी जवळ ओढली. "आज बोलेल बघा. माझं मन सांगतंय. इन्शाल्ला."

त्या दिवशी कासमभाई जसं बोलले, तसं आयुष्यात कुणी कुणाला बोललं नसेल. घराच्या मागच्या बाजूची कौलं बदलायला हवीत. आईच्या बांगड्या मामीकडं आहेत, लग्न करशील तेव्हा घे. लग्न कर. पुढं ये, तो एकटा आलाय! वा, वा, छान अडवलास! पाणी जास्त पी, इथल्या हवेत मूतखडा होतो. गोव्याचा तो क्लब मी परवा बघितला मोबाइलवर, त्यांच्या गोलकीपरला तुझ्या नखाची सर नाय. हे मात्र ते हळू म्हणाले. ऐकू गेलं की नाही, देव जाणे. इरफानची पाठ तशीच.

हाफटाइमला ते उन्हात पलीकडं निघाले तेव्हा मीही माझी खुर्ची उचलली आणि मागोमाग गेले. आवाज बसला होता त्यांचा. संध्याकाळच्या मगरिबच्या बांगेला थोडा वेळ उरला असताना आमच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. समोरच्यांचा सात नंबर बॉल ठेवत होता.

कासमभाई उभे राहिले. जाळी दोन्ही हातांनी धरली. "डावीकडं," त्या फाटक्या आवाजात म्हणाले. "इरफान, बाळा, डावीकडं."

आणि इरफान डावीकडं झेपावला. अहो, काय झेप होती! मी कोल्हापूरच्या मैदानात असते तर शिट्टीच मारली असती. बॉल त्याच्या मुठीला लागून परत मैदानात उडाला, आणि धावत आलेल्या आमच्या साहेबांच्या गुडघ्याला लागून थेट आत गेला.

साहेब तिथंच डोकं धरून बसले. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कासमभाई माझा हात धरून हलवत होते. "ऐकलं, वहिनी! ऐकलं त्यानं!"

मॅच संपल्यावर ते गेटपाशी जाऊन थांबले. पोरं एकेक करून बाहेर येत होती. इरफान आला. "अस्सलाम आलेकुम," कासमभाई म्हणाले. "वालेकुम अस्सलाम," तो म्हणाला. थांबला. खरंच थांबला एक क्षणभर, मी डोळ्यांनी पाहिलं. कासमभाईंनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" ओरडलं, गाडीचा हॉर्न वाजला, आणि तो जाऊन मिनीबसमध्ये बसला.

मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तोंडापर्यंत शब्द आले होते. कासमभाईंनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

"बोलायला आपलं काय जातंय," एवढंच म्हणाले आणि मासळीच्या गाडीकडं चालू लागले. मी घरी येऊन नवऱ्यावर उगाच खेकसले आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

पुढच्या शुक्रवारी मी जाणारच नव्हते. पण चुन्याच्या रेघा मारायची पाळी साहेबांची होती, म्हणून आम्ही नेहमीपेक्षा लवकर पोचलो. मैदानात चिटपाखरू नव्हतं, कासमभाईंचा तो ग्राऊंडवालाही नाही. फक्त कंटेनरचं दार उघडं होतं, आणि आतून इरफान दोन पांढऱ्या खुर्च्या घेऊन बाहेर येत होता. एक त्यानं पलीकडच्या गोलमागं नेऊन ठेवली. दुसरी इकडं आणली, सावलीत बरोबर बेतानं मांडली, आणि हातमोजा काढून त्यानं तिच्यावरची धूळ पुसली.

मनात म्हटलं, ह्याला अजून माहीतच नाही.

"अरे," मी म्हटलं, "ते गेले रे."

"माहीत हाय, काकी." त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. हुबेहूब बापाचा. "मामीनं काल फोन केला."

"मग ही खुर्ची?"

त्यानं खुर्चीकडं बघितलं. हातमोजा परत चढवला, पट्टा दातांनी ओढून घट्ट केला आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

मॅच सुरू झाली. इतकी शांतता मी त्या मैदानावर कधी अनुभवली नव्हती. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. पहिला गोल सरळ त्याच्या पायांतून गेला. दुसऱ्या वेळी तो मागं वळून बघत होता, रिकाम्या खुर्चीकडं, आणि बॉल त्याच्या खांद्यावरून आत. आमचे लोक त्याच्यावर ओरडायला लागले, म्हणजे बघा, आमचे लोक!

मग समोरच्यांना कॉर्नर मिळाला. इरफान गोललाइनवर उभा. हात वर घेतले, खाली घेतले. माझ्याकडं न बघता म्हणाला, "काकी, बोला ना काहीतरी."

मी जन्मभर बोलत आलेली बाई. बोलून बोलून सासरच्यांना हैराण केलेली. त्या वेळी मला एक शब्द सुचेना. तिकडं त्यांचा सात नंबर बॉल ठेवून मागं सरकला.

"डावा पोस्ट सोडू नको," मी कशीबशी म्हटलं.

तो डावीकडं सरकला.

"पुढं ये थोडा. बास." आणि मग म्हटलं, "जेवलास काय?"

त्यानं मान वळवली नाही. डोळे बॉलवरच होते.

"नाय," तो म्हणाला. "सकाळपासून काय खाल्लं नाय."